लेखकाच्या मते

४ फेब्रुवारी

एकशे बावीस!

दोनशेपैकी एकशे बावीस. प्रवेशाला लागतात एकशे चाळीस. चौथा प्रयत्न गेला, नियमाप्रमाणे आता एकच उरला. पाच वेळा बसू देतात, सहाव्यांदा दार बंद. मग कामगार कायद्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मी फक्त माहितीपत्रकात वाचायचा.

निकालाचा कागद हातात आला तेव्हा बाबा म्हणाले, "जाऊ दे, जेवून घे." वहिनीनं ताट वाढलं. ती कोर्टात लघुलेखक आहे. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेते आणि घरी आली की शब्द जपून वापरते. दादा जहाजावर असतो, त्यामुळे या घरात बोलण्याचं काम मुख्यतः माझ्याकडे आणि बाबांकडे आहे.

पण मी खचलेली नाही! जेवण झाल्यावर चारही निकाल शेजारी शेजारी मांडले आणि मला जे दिसलं त्यानं मी उठून उभीच राहिले. गणित: अठ्ठावन्न, सहासष्ट, सत्तर, शहात्तर. हा विजयाचा मोर्चा आहे! सातवीत भागाकाराला घाबरणारी मुलगी शहात्तरवर पोचली. भाषा आणि तर्क: साठ, पंचावन्न, एकोणपन्नास, सेहेचाळीस. आता मला सांगा, दहा वर्षांत एकही वक्तृत्व स्पर्धा न हरलेली, कारखान्यात जिला सगळे 'तोफ' म्हणतात, जिच्या खोलीत पलंगापेक्षा पुस्तकांना जास्त जागा आहे, तिला भाषेत सेहेचाळीस? आणि दर वेळी कमी कमी? मी विसरत चालले आहे का भाषा?

याचा अर्थ एकच. पेपर तपासणाऱ्यांकडे चुकीची उत्तरं आहेत. दुखणं सापडलं. आता उपचार!

६ फेब्रुवारी

परीक्षा मंडळाला सहा पानी हरकत लिहिली. काय लिहिली आहे! बाबांना हॉलमध्ये उभं राहून वाचून दाखवली. बाबा बस डेपोतून निवृत्त झाले, तीस वर्षं त्यांनी गेटसभा गाजवल्या. तिसऱ्या पानावर त्यांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास! सोडू नकोस त्यांना!"

मुद्दा असा. उताऱ्यात कुणा अर्थतज्ज्ञानं लिहिलं होतं की यंत्रं आल्यावर काही उद्योगांत माणसांची कामं वाढली. प्रश्न होता, लेखकाच्या मते यंत्रांचा परिणाम काय झाला? मी उत्तर दिलं, कामगार रस्त्यावर आले. ते चूक धरलं! मी हरकतीत सात कारखान्यांचे दाखले दिले, तीन ग्रंथांतली पानं नमूद केली. यावर कोण काय बोलणार?

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "प्रश्न काय होता म्हणालीस?"

"प्रश्नाचं सोड. लेखक धडधडीत चुकीचा आहे."

"असेल. पण प्रश्न काय होता?"

तिला या विषयातलं काही कळत नाही, म्हणून मी वाद वाढवला नाही.

१५ फेब्रुवारी

गणिताचे चाळीस प्रश्न, एकोणचाळीस बरोबर. पाचव्या वेळी नव्वद आणीन. मग भाषेत त्यांनी मला पन्नास दिले तरी बेहत्तर! संभाव्यतेची मला आता गोडी लागली आहे.

२७ फेब्रुवारी

मंडळाचं उत्तर आलं. माझ्या सहा पानांना दोन ओळी:

'आपली हरकत वाचली. प्रश्न लेखकाच्या मताबद्दल होता, आपल्या मताबद्दल नव्हता.'

खाली सहीसुद्धा वाचता येत नाही. यालाच म्हणतात पळ काढणं! सात दाखल्यांपैकी एकाचाही प्रतिवाद नाही. कागद भिंतीवर चिकटवून ठेवला आहे, रोज पाहून पेटून उठायला.

३ मार्च

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे. असं भाषण माझ्या हातून आजवर झालं नव्हतं!

आमच्या कारखान्यात काचेच्या बाटल्या होतात. मी तपासणीवर आहे. पांढऱ्या दिव्यासमोरून बाटल्या सरकत जातात. ज्यात बुडबुडा, ज्याला तडा, ती उचलून बाजूला टाकायची. पंधरा जणी, आठ तास, उभ्यानं. मी या विभागाची प्रतिनिधी आहे आणि वर्षभर एकच मागणी लावून धरली आहे: खुर्च्या द्या.

सकाळी मॅनेजरनं फलकावर सूचना लावली. मी लांबूनच पाहिलं, पहिल्या ओळीत 'मागणी विचाराधीन आहे'. तळपायाची आग मस्तकात गेली. विचाराधीन! हा शब्द मी ओळखून आहे. याच शब्दाखाली बाबांच्या डेपोतलं पिण्याचं पाणी चार वर्षं गाडलं गेलं होतं. पाळी सुटल्यावर मी गेटपाशी उलट्या घातलेल्या क्रेटवर चढले आणि बावीस मिनिटं बोलले. कागदाचा तुकडा हातात नाही, एकदाही अडखळले नाही. "विचार करणाऱ्यांनी एक दिवस उभं राहून विचार करावा!" यावर एवढ्या टाळ्या पडल्या की पहारेकऱ्यानंही वाजवल्या.

पॅकिंगचा प्रतिनिधी असलेला मुकादम तेवढा ऐकायला थांबला नाही. फलकासमोर उभा राहून सिगारेटच्या पाकिटावर काहीतरी उतरवून घेत होता. असली बेफिकीर माणसं चळवळीला मागे ओढतात.

७ मार्च

पॅकिंगला खुर्च्या आल्या.

निळ्या, पाठीच्या, उंची कमीजास्त करता येणाऱ्या. बारा. आणि आमच्याकडे एकही नाही.

मी तणतणत मॅनेजरच्या खोलीत गेले. "हा भेदभाव आहे! मागणी आमची, खुर्च्या त्यांना?"

त्यानं शांतपणे सूचनेची प्रत पुढे सरकवली. "तुम्ही वाचली होती ना?"

'खुर्च्यांची मागणी विचाराधीन आहे. कोणत्या विभागात किती खुर्च्या लागतील, याची यादी प्रतिनिधींनी गुरुवारपर्यंत द्यावी. यादीनुसार खरेदी करण्यात येईल.'

तीन ओळी. मुकादमानं यादी दिली होती, त्याचीही एकच ओळ: पॅकिंग, बारा. गुरुवारी मी काय करत होते? दुसऱ्या पाळीसाठी तेच भाषण पुन्हा करत होते, जास्त रंगवून.

"आता पुढची खरेदी जूनमध्ये," मॅनेजर म्हणाला. खोटं कशाला लिहू, त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं.

खाली आले तर सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. आमच्यातली सगळ्यात जुनी, जिला आम्ही मावशी म्हणतो, एवढंच म्हणाली, "भाषण छान झालं गं तोफे. उभ्यानंच ऐकलं आम्ही."

८ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

भिंतीवरच्या दोन ओळी मात्र सकाळपासून चार वेळा वाचल्या. प्रश्न लेखकाच्या मताबद्दल होता. यात मला काय झोंबलं होतं, तेच आठवेना.

९ मार्च

सकाळी वहिनीला म्हटलं, "मागच्या वेळचा भाषेचा पेपर पुन्हा सोडवते. तू घड्याळ लाव."

ती म्हणाली, "नुसती बसून काय करू? मलाही एक प्रत दे."

ती वाटाणे सोलत होती. ताट बाजूला सरकवलं, हात पुसले आणि पेन्सिल घेतली. कडेला कुठे कुठे एखादी ओळ लिहीत होती. मध्येच उठून दूधवाल्याला दारही उघडलं. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि वाटाण्याचं ताट पुन्हा जवळ ओढलं.

मला चव्वेचाळीस.

तिला एक्याऐंशी.

मी उत्तरं दोनदा ताडून पाहिली. "वहिनी, तू अर्थशास्त्र वाचलंयस?"

"नाही."

"तो प्रवाळाचा उतारा?"

"प्रवाळ म्हणजे दगड की प्राणी, हे मला अजून कळलेलं नाही."

"मग?"

"काही माहीत नव्हतं म्हणूनच बरं पडलं. उताऱ्यात होतं तेवढंच माझ्याकडे होतं." मग ती हसली. एरवी ती मला अगं-तुगं करते. वन्सं म्हणाली की समजायचं, टोमणा येतोय. "वन्सं, तुम्ही उतारा वाचतच नाही. त्याला भेटता, नमस्कार करता आणि भाषण सुरू करता."

मी तोंड उघडलं. दहा वर्षांत पहिल्यांदाच पुढचं वाक्य आलं नाही.

आणि खरं सांगू? लाज वाटायला हवी होती, वाटलीही. पण लाजेच्या खालून काहीतरी उसळत होतं. चार परीक्षा मी चुकीच्या शत्रूशी लढले! गणित हा शत्रू नव्हताच! मंडळही नव्हतं! चारही निकालपत्रिका पुन्हा मांडल्या. जितका संताप वाढला तितके भाषेचे गुण उतरले. हे आकडे माझ्यासमोर महिनाभर पडले होते.

१० मार्च

वहिनीची शिकवणी सुरू. फी: संध्याकाळचा स्वयंपाक मी करायचा.

नियम पहिला: उतारा वाचल्यावर प्रश्न बघायचे नाहीत. आधी कडेला एका ओळीत लिहायचं, हा माणूस काय म्हणतो आहे. मी लिहिलं, 'हा माणूस भांडवलदारांची तळी उचलतो.' तिनं खोडलं. "हे तू म्हणतेस. तो काय म्हणतो?" सात वेळा खोडलं! आठव्यांदा म्हणाली, "हं. आता भाजी टाक."

१४ मार्च

वहिनीनं मला एक रंगीत पेन्सिल दिली आणि म्हणाली, 'काही', 'बहुतेक', 'कदाचित', 'क्वचित' असे शब्द दिसले की गोल कर. उतारा होता तीस ओळींचा, गोल झाले अकरा. एरवी यातला एकही मी पाहिला नसता. भाषणात कुणी कदाचित म्हणतं का? गेटवर उभं राहून 'काही मालक बहुतेक अन्याय करतात' म्हटलं तर लोक घरी जातील. मी हे शब्द इतकी वर्षं गाळून बोलत आले की आता ते गाळूनच वाचते.

बाबांना हे सांगितलं. त्यांना पटलं नाही. "हे बघ, आवाज खाली गेला की माणूस खाली गेला. तुझी वहिनी चांगली आहे, पण तिनं कधी सभा घेतलेली नाही."

वहिनी आतून म्हणाली, "बाबा, चहा ठेवू का?"

"ठेव, ठेव."

"साखर बहुतेक संपलीय."

बाबा लगेच तावातावानं पिशवी घेऊन निघाले. डब्यात साखर होती. मी पाहिलं, वहिनीनंही पाहिलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

१९ मार्च

रजा टाकून वहिनीच्या कोर्टात जाऊन बसले. ती खाली, न्यायाधीशांच्या पुढ्यात, छोट्या टेबलाशी. कुणाचं तिच्याकडे लक्षही जात नाही. गोदामातल्या चोरीचा खटला होता. वकील काय बोलत होता! अगदी माझ्या तोंडचं वाटावं असं. साक्षीदाराभोवती त्यानं असं जाळं विणलं की मी मनात टाळ्या वाजवत होते. शेवटी हात उंचावून तो म्हणाला, "म्हणजे दार उघडं होतं, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत, असं आत्ताच सांगितलंत!"

न्यायाधीश म्हणाले, "नोंद वाचा."

वहिनीनं वाचलं, सपाट आवाजात, जशी घरी वाण्याची यादी वाचते: "दार बहुतेक उघडं असावं. मी पलीकडच्या बाजूला होतो."

बस्स. वकिलाचा हात वरच राहिला, मग हळूच खाली आला. अंगावर काटा आला माझ्या! मी शेकडो भाषणं ऐकली, त्याहून जास्त केली. पण असं सभागृह थांबवणारं वाक्य मी ऐकलं नव्हतं, आणि ते बोलणारीचा त्यात एक शब्दही नव्हता.

२ एप्रिल

सराव पेपर: भाषा एकोणसाठ.

९ एप्रिल

सराव पेपर: त्रेपन्न. उताऱ्यात एक महाशय संपाला 'वेळेचा अपव्यय' म्हणतात. मी सुटले. पाच प्रश्न त्यांच्याशी भांडण्यात गेले. वहिनीनं पेपर परत दिला, वर फक्त लिहिलं होतं: 'पुन्हा सभा.'

११ एप्रिल

जूनच्या खरेदीसाठी यादी आत्ताच द्यावी असं ठरवलं. 'तपासणी, पंधरा खुर्च्या' लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. कोण काय म्हणतं, ते मी टिपलं होतं कुठे?

जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन एकेकीजवळ बसले. ठरवलं होतं, मध्ये बोलायचं नाही. केवढा त्रास झाला, जिभेला अक्षरशः मुंग्या आल्या.

मावशी म्हणाली, "मला खुर्ची नकोच. दिवा उभ्यानंसुद्धा डोळ्यांच्या वर पडतो, बसलं तर मान आणखीच वर करावी लागेल. माझी मान आधीच गेलीय. दिवा वीतभर खाली घ्या, मी उभी राहीन की."

दुसरी म्हणाली, "पायाखाली जाड रबर टाका. टाचा ठणकतात."

पंधरा जणींचं लिहून घेतलं. खुर्ची हवी असलेल्या सहा. दिवा खाली हवा असलेल्या नऊ. रबर सगळ्यांनाच हवं! वर्षभर मी पंधरा जणींच्या नावानं खुर्ची मागत होते आणि कुणी मला थांबवलं नाही.

"आधी का नाही सांगितलंस, मावशी?"

"तू विचारलं नव्हतंस. आणि बोलतेस इतकं छान, वाटलं, मध्ये कशाला तोडायचं!"

यादी दिली. मॅनेजरनं वाचली, पुन्हा वाचली. "दिवे खाली घ्यायला जून कशाला? बुधवारी करून टाकू," म्हणाला.

१५ एप्रिल

बुधवार. दिवे वीतभर खाली आले! मावशीनं दिवसात एकदाही मान चोळली नाही. मी पूर्ण पाळीभर तिच्याकडे बघत होते आणि दोन तडकलेल्या बाटल्या माझ्या हातून पुढे गेल्या. जाऊ देत!

४ मे

परीक्षा झाली. पाचवी आणि शेवटची.

गणित नेहमीसारखं. भाषेचा तिसरा उतारा उघडला आणि कानशिलं तापली: कामगार संघटनांमुळे उत्पादन घटतं, असं कुणीतरी बेधडक लिहिलेलं. पेन्सिल उचलली. बेधडक? पुन्हा वाचलं. 'काही लहान उद्योगांत, अल्पकाळासाठी, घटल्याचे आढळते.' गोल, गोल. कडेला लिहिलं, तो काय म्हणतो. पाच प्रश्न सोडवले. मग एक मिनिट उरलं होतं, त्यात कच्च्या कागदावर त्याला माझं उत्तर लिहिलं, अगदी खरपूस. तो कागद कुणी तपासत नाही.

बाहेर आले तर वहिनी उभी होती. घरापर्यंत चालत आलो. पावणेदोन किलोमीटर मी गप्प! जगातलं आठवं आश्चर्य, असं ती दारात आल्यावर म्हणाली.

२५ मे

गणित सत्त्याहत्तर. भाषा अडुसष्ट.

एकशे पंचेचाळीस!

एकशे पंचेचाळीस!!

वहिनीला उचलून गोल फिरवलं. ती ओरडली, "अगं खाली ठेव, स्टूल पडेल!" स्टूल पडलं. बाबांनी जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला आकडा सांगितला. अडुसष्ट काही वहिनीच्या एक्याऐंशीच्या जवळपास नाहीत, आणि मला त्याचं काही वाटत नाही. अर्ज उद्याच पाठवते. पण एकशे चाळीसच्या वरचे किती जण असतील कोण जाणे. अर्जांतून फक्त तीस निवडणार आहेत.

२० जून

पत्र आलं.

मी कामावरून येऊन पाय धूत होते. बाबांना धीर निघाला नाही, त्यांनी लिफाफा फोडला आणि हॉलमध्ये उभ्या उभ्या खणखणीत आवाजात वाचायला लागले: "महोदया, आपल्या अर्जासंदर्भात कळवण्यास खेद वाटतो की..."

तिथेच त्यांनी चष्मा काढला. मला हातात तांब्या घेऊन उभं राहिलेलं पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की तो मी कधी विसरणार नाही. मग त्यांनी पत्र टेबलावर आपटलं.

"खेद! यांना खेद वाटतो! पोरीनं पाच-पाच परीक्षा दिल्या, आणि हे चार भिंतींत बसून खेद वाटून घेतात! मी विचारतो, कोण आहेत हे लोक?"

मलाही वाटलं, संपलं. घशाशी वाक्य आलं होतं, पहिल्या प्रतीचं, धार लावलेलं. ते मी गिळलं आणि ओल्या हातांनी पत्र उचललं.

'...या वर्षी वसतिगृहाची दुरुस्ती सुरू असल्याने, प्रवेश निश्चित झालेल्या उमेदवारांच्या राहण्याची सोय संस्था करू शकत नाही. आपण ती स्वतः करावी. आपला प्रवेश क्रमांक सतरा. वर्ग एक ऑगस्टला सुरू होतील.'

पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून. कुठेही 'बहुतेक' नव्हतं, कुठेही 'कदाचित' नव्हतं. पत्र वहिनीकडे दिलं. तिनं वाचलं, शेवटपर्यंत, आणि तोंडावर पदर दाबला. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ते मी ठरवलं नाही.

बाबा आता डेपोच्या पाण्यावर आले होते. हात हवेत, मान ताठ, तीस वर्षांपूर्वीचे दिसत होते. मी समोरच्या खुर्चीत बसले. भाषण खरंच छान चाललं होतं. मी ते पूर्ण होऊ दिलं.